तोच प्रश्न पुन्हा?

चातुर्मासात पेण असो की रोहा, एक प्रश्न हमखास येतो: आलं वर्ज्य, मग सुंठ कशी चालते? "सांगून झालंय," म्हणत आपण नव्या सुनेला गप्प करतो. ओलं आलं अनंतकाय. सुंठ वाळलेली, चिमूटभर, औषधापुरती. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो?

परवा मीही एकीला असंच तोडलं. तिला विचारायचं होतं, मग वाळवलेला बटाटा का नाही? प्रश्न वेगळाच होता! बटाटा आपण चवीसाठी, पोटभर खातो. हिंसाही तेवढीच वाढते.

स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत पृच्छना आहे, तशी परावर्तनाही. विचारणं स्वाध्याय, उजळणीही स्वाध्याय. म्हणून आधी पूर्ण ऐकू या. प्रश्न तोच निघाला, तर पुन्हा प्रेमाने सांगू या.