गंगेतला डॉल्फिन पाठ, पण वसईच्या समुद्रातल्या डॉल्फिनचं काय?

भारताचा राष्ट्रीय जलचर प्राणी कोणता? उत्तर सोपं आहे, गंगेतला डॉल्फिन. 2009 मध्ये त्याला हा मान मिळाला. नालासोपारा पूर्वेच्या आचोळ्यात शाळेत जाणारी मुलंही सामान्यज्ञान म्हणून हे पाठ करतात. पण गंगा इथून हजार किलोमीटरहून लांब. त्यामुळे हा प्राणी पुस्तकातच राहतो.

महाराष्ट्रातल्या एकाही नदीत नदी-डॉल्फिन नाही. मार्च 2025 मध्ये देशातल्या नदी-डॉल्फिनची पहिली गणना जाहीर झाली. 8 राज्यांतल्या 28 नद्यांमध्ये मिळून आकडा निघाला 6,327. गंगेतला डॉल्फिन जवळपास आंधळा असतो. गढूळ पाण्यात आवाज सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधायचे, अशी त्याची रीत. श्वासासाठी मात्र त्याला दर मिनिट-दोन मिनिटांनी वर यावंच लागतं. मोजणारे तेवढाच क्षण टिपतात.

मग आचोळ्याच्या मुलांनी काय बघायचं?

वसई तालुक्याच्या उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला उल्हास नदीची वसई खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. या किनारपट्टीवर कुबड असलेला डॉल्फिन आढळतो. पाठीवरच्या पराखाली उंचवटा असतो, म्हणून हे नाव. त्याला उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं आवडतात, म्हणजे तो माणसाच्या वस्तीला अगदी चिकटून राहतो. जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गंगेतल्या भावाइतकंच संरक्षण त्यालाही आहे. शिकार केली तर किमान तीन वर्षांची कैद.

2020 च्या लॉकडाउनमध्ये मुंबईजवळच्या डॉल्फिनचे व्हिडिओ फिरले, तेव्हा ‘निसर्ग परत आला’ अशा पोस्टींचा पाऊस पडला. खरं तर ते गेलेच नव्हते. बघणारे नव्हते, इतकंच.

पण फक्त बघून भागत नाही. आचोळ्याचा आणि डॉल्फिनचा खरा संबंध जोडतो तो नाला. वसई-विरारच्या सांडपाण्याचा मोठा भाग वर्षानुवर्षं प्रक्रिया न होताच खाड्यांत आणि तिथून समुद्रात गेला आहे. पाण्यातली विषारी द्रव्यं आधी माशांत येतात, मग मासे खाणाऱ्या डॉल्फिनच्या चरबीत साठतात, आणि आईच्या दुधातून पिल्लातही उतरतात.

इथे आचोळ्याची एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे, थोडी कडू असली तरी. इथल्या सर्व्हे क्रमांक 22 ते 34 मधली काही जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव होती. त्या परिसरात 41 बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. ज्यांनी पै-पै जोडून घर घेतलं, ती कुटुंबं रस्त्यावर आली. सांडपाण्याचं केंद्र तर त्या जागेवर उभं राहिलंच नव्हतं. फसवणूक माणसांची झाली, आणि खाडीचीही. पर्यावरण हा वेगळा ‘विषय’ नसून आपल्या गल्लीचाच हिशेब आहे, हे यापेक्षा स्पष्ट कुठल्या धड्यात असणार?

गंगेकाठी भारतीय वन्यजीव संस्थेने गावकऱ्यांनाच ‘गंगा प्रहरी’ म्हणून तयार केलं. वसईत हे काम आणखी सोपं आहे, कारण अर्नाळा, पाचूबंदर इथल्या कोळी घरांत समुद्र कळणारी माणसं आधीपासून आहेत. शाळेने एखाद्या कोळी आजोबांना तासाला बोलावलं तरी निम्मं काम होईल.

निरीक्षणाला खर्चही फारसा नाही. पावसाळा सरला की समुद्र शांत होतो. किनाऱ्यावर अर्धा तास बसायचं. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, किती डॉल्फिन, कुठल्या दिशेने गेले, हे वहीत लिहायचं. काहीच दिसलं नाही तर तेही लिहायचं, कारण ‘नाही’ हीसुद्धा नोंदच असते. फोटो मिळाला तर पाठीवरच्या पराचा घ्यावा. त्यावरच्या खाचा-खुणांवरून अभ्यासक एकेक डॉल्फिन वेगळा ओळखतात. होडीतून पाठलाग मात्र नको.

जाळ्यात अडकलेला डॉल्फिन श्वास न मिळाल्याने गुदमरून मरतो. म्हणून डिसेंबर 2018 पासून राज्यात संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे.

आणि किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन दिसला तर? सेल्फीसाठी गर्दी करायची नाही, शेपटीला धरून ओढायचं नाही. अंगावर ओलं फडकं टाकायचं, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवायचं आणि त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. मग वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा.