रोपवे हवेतच थांबला तर? केबल टॅक्सीच्या आधी विचारायचे प्रश्न

कळंबच्या किनाऱ्यावर सायकल ठेवून बघा. पावसाळाभर तेल दिलं नाही तर चेनला गंज चढलाच म्हणून समजा. आता हीच खारी हवा डोक्यावरच्या पोलादी दोराला रोज लागली तर काय होईल?

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मुंबई महानगर प्रदेशात ‘केबल टॅक्सी’ आणण्याची कल्पना मांडली. वसई-विरार याच प्रदेशात येतं. वाराणसीत शहरी वाहतुकीसाठी रोपवेचा प्रकल्प हाती घेतला गेला आणि बोलिव्हियाच्या ला पाझमध्ये तर 2014 पासून लोक केबल कारने कामावर जातात. नालासोपाऱ्याची लोकलची गर्दी बघितली की कल्पना कुणालाही आवडेल. पण बिघाड झाला तर? लोकल बंद पडली तर आपण रुळावर उतरून चालू लागतो. इथे उतरायला जमीनच नसते.

आधी यंत्र समजून घेऊ. शहरी रोपवेमध्ये एकच दोर गोल फिरत राहतो. प्रत्येक केबिन स्प्रिंगच्या पकडीने, म्हणजे ग्रिपने, त्याला धरून ठेवते. स्टेशनात पकड सुटते, केबिन हळू होते, आपण चढतो आणि केबिन पुन्हा दोर पकडते. वीज गेली तर डिझेल इंजिनावर दोर हळूहळू फिरवून सगळ्यांना स्टेशनात आणता येतं. त्यामुळे नुसतं थांबणं म्हणजे अपघात नव्हे. वारा वाढला की रोपवे बंद ठेवतात, तेही सुरक्षेसाठीच.

खरा धोका कुठे असतो, ते दोन घटनांतून कळतं.

पहिली घटना झारखंडमधल्या देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावरची. 10 एप्रिल 2022, रामनवमी. रोपवे बंद पडला आणि लोक केबिनमध्ये अडकले. सुटका पूर्ण व्हायला 40 तासांहून जास्त वेळ लागला. एकूण तीन जीव गेले, आणि त्यातले दोन हेलिकॉप्टरने वर ओढून घेताना पडून. म्हणजे बिघाडाइतकीच सुटकाही जीवघेणी ठरली.

दुसरी इटलीतल्या मोत्तारोनेची. 23 मे 2021 रोजी ओढणारा दोर तुटला. अशा वेळी आपत्कालीन ब्रेकने केबिन जागच्या जागी धरायची असते. पण तो ब्रेक विनाकारण लागत होता, म्हणून कर्मचाऱ्यांनी तो मुद्दाम निकामी करून ठेवला होता. 14 जण गेले. सारखं वाजतं म्हणून आपण नोटिफिकेशन म्यूट करतो ना? तसंच झालं हे. फक्त इथे म्यूट केला होता तो शेवटचा आधार.

म्हणूनच ‘तंत्रज्ञान परदेशी आहे, काळजी नको’ हे उत्तर पुरेसं नाही. आपल्याकडे रायगडचा रोपवे 1996 पासून चालतोय. रोपवे आपल्याला नवा नाही. पण डोंगरावर पर्यटक नेणं वेगळं आणि खाऱ्या हवेत, पावसाळी वाऱ्यात, रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत चाकरमान्यांना नेणं वेगळं. दोर आतल्या आत तुटत असेल तर तो वरून दिसत नाही. त्यासाठी चुंबकीय तपासणी लागते, ती ठरलेल्या वेळी करावी लागते आणि तिच्यावर पैसा खर्च करावा लागतो.

तेव्हा उद्या आपल्या भागात असा प्रकल्प आला, तर भाडं किती हे विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. दोराची शेवटची तपासणी कधी झाली आणि अहवाल लोकांना बघायला मिळेल का? वाऱ्याचा वेग किती झाला की सेवा बंद होईल? खाडी किंवा मिठागरावर केबिन थांबली तर माणसं खाली कशी आणणार, आणि त्याचा सराव वर्षातून किती वेळा होतो? गर्दीच्या वेळी ‘बंद करा’ म्हणायचा अधिकार कुणाला, आणि तसं केल्यावर त्याची नोकरी सुरक्षित राहील का?

आणि सध्या कुठल्याही रोपवेत बसलात आणि तो थांबला, तर केबिन हलवू नका, दार उघडायचा प्रयत्न करू नका. केबिनमध्ये लिहिलेला नंबर लावा, केबिनचा क्रमांक सांगा. रील नंतर बनवता येईल, बॅटरी आधी वाचवा. सुटका करणाऱ्यांशी बोलायला तोच एक फोन असेल.