स्टेपनीत हवा आहे का?

होस्टिंगच्या धंद्यात दोन-तीन वर्षं काढली, पन्नास-साठ ग्राहक जमले, की आपल्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर हवेसे वाटतात. ग्राहकाच्या डोमेनसमोर परक्या कंपनीचं नाव दिसण्याऐवजी आपले एनएस-१ आणि एनएस-२ दिसावेत, ही इच्छा रास्तच आहे. पण नावाची हौस हा त्यातला लहान भाग. खरा फायदा असा, की उद्या सर्व्हर दुसरीकडे हलवला तर साठ ग्राहकांकडे रजिस्ट्रारचे पासवर्ड मागत फिरावं लागत नाही. आपल्या दोन नावांमागचे पत्ते बदलले की काम झालं. या सोयीपासून मी कोणालाही परावृत्त करणार नाही. मात्र ती अर्धवट उभी करण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती मोडायला हवी, म्हणून या महिन्याचं संपादकीय तिच्यावर खर्च करतो आहे.

अडचण सगळ्यांना ठाऊक असते, तरी ठेच तिथेच लागते. आपल्या डोमेनचे पत्ते कोण सांगणार? एनएस-१. एनएस-१ कुठे राहतो? ते त्याच डोमेनला विचारायला हवं. किल्ली घरात आणि दार बाहेरून बंद, अशातली गत. म्हणून डॉट कॉम किंवा डॉट इनच्या रजिस्ट्रीकडे नावासोबत आयपी पत्ताही नोंदवून ठेवावा लागतो, तोच ग्लू रेकॉर्ड. रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये तो बहुधा ‘चाइल्ड नेमसर्व्हर’, ‘प्रायव्हेट नेमसर्व्हर’ किंवा ‘होस्ट’ अशा नावाखाली असतो, नेहमीच्या डीएनएसच्या पानावर नाही. म्हणजे एकच पत्ता दोन ठिकाणी लिहिलेला: एकदा आपल्या झोन फाइलमध्ये, एकदा वरच्या दारात. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही.

माझ्याकडून हेच चुकलं. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी सातला निफाडच्या एका द्राक्ष निर्यातदारांचा फोन आला. “सर, रॉटरडॅमच्या पार्टीचा मेल रात्रीपासून आलेला नाही. पोराच्या मोबाइलवर साईट उघडते, माझ्या ऑफिसात उघडत नाही.” वेब आणि मेलची मशिनं ठणठणीत होती. बंद पडला होता तो एनएस-१, रात्री त्याची डिस्क गेली होती. तरी एनएस-२ होताच की.

एनएस-२ मी आठ महिन्यांपूर्वी नव्या व्हीपीएसवर नेला होता. झोनमध्ये नवा पत्ता टाकला, सिरियल वाढवला, डिगने विचारून पाहिलं, उत्तर बरोबर आलं, निजलो. रजिस्ट्रारकडचा ग्लू बदलायचा राहिला. एनएस-१ जागेवर असेपर्यंत काहीच जाणवलं नाही. रिझॉल्व्हर कधी जुन्या पत्त्यावर ठोठावायचे, क्षणभर थांबायचे आणि एनएस-१ कडे वळायचे. त्या रात्री वळायला जागाच उरली नाही. ज्यांच्या कॅशेत एनएस-२ चा झोनमधला पत्ता शिल्लक होता त्यांना साईट दिसत होती. ज्यांच्याकडची मुदत संपली, ते वरच्या दारातून मी सोडून दिलेल्या पत्त्यावर जाऊन हात हलवत परत येत होते.

ग्लू दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. पण डॉट कॉमचे सर्व्हर ग्लू देताना १,७२,८०० सेकंदांचा टीटीएल लावतात, म्हणजे पूर्ण दोन दिवस. शनिवारपर्यंत कुठून ना कुठून तक्रार येतच होती. मेल बुडाले नाहीत, कारण नेमसर्व्हर उत्तर देत नसेल तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कंटेनरची कागदपत्रं मात्र एक दिवस उशिरा पोचली. भर हंगामात एक दिवस म्हणजे काय, हे त्या गृहस्थांनी आवाज न चढवता मला समजावून सांगितलं. ते मी विसरलेलो नाही.

त्याहून मोठी भीती नंतर वाटली. सोडलेला आयपी पत्ता पुढे दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. त्या माणसाने तिथे नेमसर्व्हर उभा केला असता, तर माझ्या साठ ग्राहकांच्या नावाने त्याला वाटेल ते उत्तर देता आलं असतं.

तेव्हा पत्ता बदलल्यावर आपल्या रिझॉल्व्हरला विचारून समाधान मानू नका. रिकर्शन बंद ठेवून डिगने थेट वरच्या टीएलडीच्या सर्व्हरला विचारा आणि उत्तरातला ‘ॲडिशनल’ भाग वाचा. तिथे दिसतो तो ग्लू. जुना पत्ता सोडायची घाई नको. ग्लू बदलल्यावर निदान आठवडाभर जुन्या मशिनवरही नेमसर्व्हर चालू राहू द्या.

आता मुख्य दुखणं. एनएस-१ आणि एनएस-२ ही दोन नावं एकाच व्हीपीएसच्या दोन आयपींना देऊन मोकळं होणारे आपल्यात फार आहेत. रजिस्ट्रारच्या फॉर्मवरचे दोन रकाने भरतात, मशीन एकच. दुय्यम नेमसर्व्हर वेगळ्या जागी आणि वेगळ्या नेटवर्कवर असावेत, हे आरएफसी २१८२ ने १९९७ मध्येच लिहून ठेवलं आहे. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कच्या मागे होते. राउटरमधला एक बदल चुकला आणि त्यांच्या साईट जवळजवळ दिवसभर गायब झाल्या. ४ ऑक्टोबर २०२१ चा फेसबुकचा प्रसंग अधिक शिकवणारा आहे. त्यांचे नेमसर्व्हर जगभर पसरलेले होते. पण डेटा सेंटरशी संपर्क तुटताच त्यांनी ठरलेल्या नियमाप्रमाणे आपल्या मार्गांच्या बीजीपी घोषणा मागे घेतल्या, आणि व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामसकट सगळं सुमारे सहा तास अंधारात गेलं. नुसतं अंतर पुरत नाही. नेटवर्क आणि ते चालवणारे हातही वेगळे लागतात.

म्हणून माझं मत असं: एनएस-१ आपल्या नावाने, आपल्या मशिनवर ठेवा. दुसरा नेमसर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर, तिच्याच नावाने, जमल्यास वेगळ्या टीएलडीखाली असू द्या. ती कंपनी सोडायची वेळ आली तर ग्राहकांच्या खात्यांत हात घालावा लागेल, हे मला मान्य आहे. ती किंमत मोजण्यासारखी आहे. झोन ट्रान्सफरला टीसिग लावा. एसओएमधला एक्स्पायर दोन ते चार आठवड्यांचा ठेवा. तो एक दिवसाचा ठेवलात, तर मूळ मशीन शनिवारी सकाळी पडल्यावर दुय्यम सर्व्हर रविवारी स्वतःहून तोंड मिटतो. आणि नेमसर्व्हरवर बाहेरच्यांसाठी रिकर्शन बंद, यात सवलत नाही.

दुसरा नेमसर्व्हर म्हणजे गाडीची स्टेपनी. ती डिकीत आहे एवढं कळून उपयोग नाही, हवा बघावी लागते. आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, ग्राहकांना आधी कळवून, एनएस-१ अर्धा तास मुद्दाम बंद केला जातो, तोही भर कामाच्या वेळी. कॅशे रिकामा केलेल्या रिझॉल्व्हरवरून साठही डोमेन एकेक करून विचारले जातात. तेवढ्या वेळात मी निफाडला फोन लावतो आणि साईट उघडते का, ते विचारून घेतो.