काळवंडलेला चेहरा आणि मलमाची डबी

वाशीम जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमानांचे डायलिसिस सुरू होऊन चार वर्षे झाली. मूळचा गव्हाळ चेहरा आता राख फासल्यासारखा दिसतो. दिवाळीला पाहुणे येतील ते काय म्हणतील, ही काळजी. कोणीतरी ब्यूटी पार्लरमधून गोरेपणाच्या मलमाची डबी आणून दिली आहे; ती लावावी काय, असा प्रश्न आहे. पत्राच्या अखेरीस बाईंनी जाता जाता कळवले आहे की, आपले एक मूत्रपिंड यजमानांना देण्यासाठी त्यांच्या तपासण्या चालू आहेत.

बाई, ती डबी उघडूच नका. १९९८ पर्यंत तुमचे वाशीम ज्या जिल्ह्यात होते त्या अकोल्यातलीच हकिकत आहे. गोरेपणाचे मलम लावणाऱ्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली आणि मलमात पारा निघाला, हे २०२३ साली वर्तमानपत्रांतून आले होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याचा छडा लावण्यास मदत केली. केरळात मलप्पुरमकडेही असेच रुग्ण सापडले. पारा कातडीतले रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चार दिवस चेहरा उजळतो. पण तो कातडीतून आत मुरतो आणि मूत्रपिंडात साठतो. मग लघवीतून प्रथिने वाहू लागतात. चेहऱ्याच्या मलमात पारा घालायला कायद्याने बंदी आहे, तरी नाव-पत्ता नसलेल्या डब्या विकल्या जातातच. मलम एकाने लावले तरी घरातल्या इतरांच्या लघवीत पारा आढळल्याची उदाहरणे आहेत. तुमच्या घरात तर मूत्रपिंड देणारी व्यक्तीच आहे!

आता यजमानांचा रंग का उतरला ते पाहू. डायलिसिसचे यंत्र युरियासारखे बारीक कण चांगले गाळते. मोठ्या कणांपुढे मात्र त्याचे फारसे चालत नाही. रंगद्रव्याला चालना देणारे एक संप्रेरक निरोगी मूत्रपिंड निकालात काढते, ते रक्तात साचते. उन्हाला तोंड देणारा भाग म्हणूनच अधिक काळा पडतो. लघवीला पिवळेपणा देणारी द्रव्येही अंगात राहतात आणि त्यात पंडुरोगाचा फिकेपणा मिसळतो. पूर्वी अशा रुग्णांना वरचेवर रक्त द्यावे लागे, त्यातले लोह कातडीत साठे. १९८९ नंतर एरिथ्रोपोइटिनची इंजेक्शने मिळू लागली, तेव्हापासून हा प्रकार पुष्कळ कमी झाला. तरी लोहाची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी.

हा रंग पुसून काढणारे औषध नाही. ठरलेली एकही पाळी न चुकवणे, हाच पहिला उपचार. मोठे कण अधिक गाळणारी जाळी किंवा पद्धत आपल्या केंद्रात आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडरोपणानंतर पुष्कळांचा रंग बराच निवळतो. तोवर वऱ्हाडच्या उन्हात दुपट्टा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. कोरड्या कातडीला खाज सुटते आणि खाजवलेल्या जागी काळे डाग उरतात. तेव्हा आंघोळ कोमट पाण्याने करावी आणि अंग ओलसर असतानाच साधे खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. फिस्टुलाच्या हाताला मात्र केंद्रातल्या परिचारिकेला विचारल्याशिवाय काही चोळू नये. खाज फारच असेल तर रक्तातले फॉस्फरस पाहावे.

काही रंग मात्र घरी बसून पाहण्याचे नव्हेत. मांडीवर वा पोटावर दुखणारे जांभळे चट्टे उठले, फिस्टुलाच्या हाताची बोटे निळी-गार पडली, तिथे लाली आली किंवा डोळे पिवळे झाले, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

अभ्यंगस्नानाला हरकत नाही. उटणे मऊ असावे आणि घासू नये, नुसते लावून धुवावे. फराळाच्या ताटात मात्र चिवडा-शेव नावापुरतीच वाढा; मिठाने तहान लागते आणि यजमानांचे पाणी मोजून आहे. डबीबद्दल म्हणाल, तर ती फेकू नका. झाकण घट्ट लावून पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा, आणि कोणी आधीच लावली असेल तर तेही सांगा.