थकलेली बिले आणि कपाटातला कायदा

ज्या कारखान्यात पाच-दहा माणसे राबतात आणि ज्याचा मालकच सकाळी लेथवर उभा राहतो, तो कारखाना बुडण्यास मंदीच यावी लागते असे नाही. तयार करून पोहोचविलेल्या मालाचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत, एवढे कारणही त्याला पुरते. भोसरीच्या शेडमध्ये मोटारीचे सुटे भाग करणारा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम करणारा आणि इचलकरंजीत व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा खर्चीवाला यंत्रमागधारक, या तिघांचे धंदे वेगळे असले तरी तक्रार एकच आहे. माल गेला, बिल गेले, पैसे मात्र आले नाहीत.

या तक्रारीचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. लहान उत्पादकाला कच्चा माल बहुधा रोखीने किंवा अल्प मुदतीच्या उधारीवर घ्यावा लागतो. विजेचे बिल थांबत नाही. कामगाराचे मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत द्यावे, असे कायदा सांगतो. उलट त्याचा माल घेणारी मोठी कंपनी साठ, नव्वद, कधी एकशेवीस दिवस पैसे अडकवून ठेवते. मधल्या काळाची भरपाई तो बँकेच्या कॅश-क्रेडिटमधून आणि तेही संपले की सावकाराकडून करतो. म्हणजे मोठ्या कंपनीला लागणारे खेळते भांडवल लहान उत्पादक स्वतः व्याज भरून पुरवीत असतो. ज्याची पत सर्वांत कमी त्याने, ज्याची पत सर्वांत अधिक त्याला बिनव्याजी कर्ज द्यावे, असा हा उफराटा व्यवहार आहे. त्याला ‘व्यापारातील रिवाज’ म्हणणे म्हणजे शोषणाला सभ्य नाव देणे होय.

हा रिवाज संसदेने बेकायदा ठरविला त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. १९९३ मध्ये लघुउद्योगांच्या थकलेल्या देण्यांवर व्याज आकारणारा कायदा झाला. पुढे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आला आणि त्याने तो विषय आपल्यात सामावून घेतला. या कायद्याच्या १५ ते २४ या कलमांत जे लिहिले आहे, ते प्रत्येक लहान उद्योजकाला तोंडपाठ असावयास हवे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार असला तरी त्यातील मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करारात नव्वद दिवस लिहून घेतले असले, तरी त्या नव्वदाला या कायद्यापुढे किंमत नाही. मालाबद्दल हरकत असेल तर खरेदीदाराने ती पोहोच झाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळविली पाहिजे. तशी न कळविल्यास माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला गेला असे धरले जाते. चार महिन्यांनी बिल मागावयास गेल्यावर ‘माल खराब होता’ असे तोंडी सांगून वाटेला लावण्याची पद्धत कायद्याला मान्य नाही.

मुदत उलटली की व्याज सुरू होते, आणि हे व्याज साधे नाही. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने ते आकारावयाचे असते. उदाहरणादाखल बँक दर सहा टक्के धरला तर व्याजाचा दर वर्षाला अठरा टक्के होतो आणि एक लाख रुपयांवर वर्षभरात सुमारे १९,५६० रुपये चढतात. शिवाय हे व्याज खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखविता येत नाही.

एवढे संरक्षण असूनही बिले थकतातच. त्याचे एक कारण असे की, हक्क मिळविण्यासाठी जी कागदपत्रे लागतात ती लहान उद्योजकापाशी नसतात. त्यासाठी पुढील काही गोष्टी नित्याच्या शिस्तीचा भाग झाल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट नोंदणीची. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणीची पद्धत सुरू झाली. सरकारी संकेतस्थळावर ती विनाशुल्क होते. तिच्यासाठी दलालाला पैसे मोजण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत व उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. पंचवीस कोटींची गुंतवणूक व शंभर कोटींची उलाढाल ही लघुउद्योगाची मर्यादा आहे. थकबाकीचे संरक्षण या दोघांनाच आहे, मध्यम उद्योगाला नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, परंतु ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. विलंबित देण्याचा लाभ तिने मिळत नाही. सेवा पुरविणारे मात्र या कायद्यात येतात. नोंदणी ऑर्डर घेण्यापूर्वीच केलेली असावी. नंतरची नोंदणी आधीच्या व्यवहाराला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने वेगळे मत देऊन हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. वकिलांच्या या वादात आपले बिल अडकू नये, असे ज्याला वाटते त्याने नोंदणी आधीच करावी हे उत्तम.

दुसरी गोष्ट कागदाची. फोनवर आलेली ऑर्डर मालकाने लेखी मागवून घ्यावी, निदान स्वतः संदेश पाठवून तिची नोंद करून ठेवावी. माल पोहोचविताना चलनाच्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्यावा. गेटवरच्या पहारेकऱ्याची नुसती रेघोटी पुरेशी नाही. बिलावर उद्यम क्रमांक, देय तारीख आणि विलंब झाल्यास २००६ च्या कायद्याप्रमाणे व्याज लागेल ही ओळ छापून घ्यावी. वर्षातून एकदा खरेदीदाराकडून बाकी मान्य असल्याचे सहीनिशी पत्र मिळवावे. दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनांत ती केव्हा संपते, ते कळतही नाही.

तिसरी गोष्ट तक्रारीची. प्रथम रीतसर नोटीस द्यावी. तिचा उपयोग न झाल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करावा. अशा अर्जांसाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झाले. परिषद आधी समझोत्याचा प्रयत्न करते व तो फसल्यास लवाद म्हणून निकाल देते. खरेदीदार दिल्लीचा असो वा चेन्नईचा, पुरवठादार जेथला आहे तेथील परिषदेलाच अधिकार आहे. करारात दुसऱ्या लवादाचे कलम घातले असले तरी ते या वाटेच्या आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. निकालाला न्यायालयात आव्हान द्यावयाचे तर खरेदीदाराला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. निकाल हाती आल्यावर वसुलीसाठी मात्र दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु कागदपत्रांची उणीव हे खरे कारण नव्हे. खरे कारण भीती हे आहे. ज्या उत्पादकाचे निम्म्याहून अधिक काम एकाच कंपनीकडून येते, तो तिच्याविरुद्ध अर्ज कसा करणार? अर्ज करून जुने पैसे मिळतील, पण नवी ऑर्डर जाईल. करारातील दोन पक्ष समान असतात ही कायद्याची समजूत येथे उघडी पडते. वित्त कायदा २०२३ ने या कोंडीवर एक वाट काढली. सूक्ष्म वा लघुउद्योगाचे देणे ठरल्या मुदतीत दिले नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून प्राप्तिकरात वजा करता येणार नाही, अशी ही तरतूद करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. तिचे वैशिष्ट्य हे की, पुरवठादाराला तक्रारच करावी लागत नाही. अनेक व्यापारी संघटनांनी तिची अंमलबजावणी पुढे ढकलण्याची मागणी केली, यावरूनच तिची धार कळून येते. मात्र ऑर्डर नोंदणी नसलेल्या उत्पादकाकडे वळविण्याची पळवाट खरेदीदाराला मोकळी आहे. सारेच नोंदलेले असतील तेव्हाच ती बुजेल.

म्हणून हा प्रश्न केवळ कायद्याच्या सल्ल्याचा राहत नाही, तो संघटनेचा होतो. एकट्या कामगाराने वेतनवाढ मागितली तर त्याला काढून टाकता येते, साऱ्या खात्याने मागितली तर बोलणी करावी लागतात. हा धडा कामगार चळवळीने कधीच शिकविला आहे. औद्योगिक वसाहतीतील वीस पुरवठादारांच्या थकबाकीची यादी संघटनेच्या पत्रावर कंपनीकडे गेली, तर कोणा एकाची ऑर्डर तोडणे तिला सोपे जाणार नाही. सुविधा परिषदेवर लघुउद्योगांच्या संघटनांचे प्रतिनिधी असण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती जागा शोभेची न राहता तेथून प्रलंबित प्रकरणांचा हिशेब मागितला गेला पाहिजे. प्रकरण नव्वद दिवसांत निकाली काढावे असे कायदा म्हणतो. ही मुदत सर्रास उलटत असेल, तर वसुली करून देणारी यंत्रणाच वसुली लांबवीत आहे असे म्हणावे लागेल. सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रमही याच कायद्याने बांधलेले आहेत, हे त्यांना वारंवार ऐकविले पाहिजे.

डिसेंबर १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी उद्योगमंत्री या नात्याने मांडलेल्या औद्योगिक धोरणातून जिल्हा उद्योग केंद्राची कल्पना आली. लहान उद्योजकाला लागणारी सर्व मदत एका छपराखाली मिळावी, हा तिचा हेतू होता. ती केंद्रे आजही उभी आहेत. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वसाहतीत बसून नोंदणी करून दिली, चलने तपासली, नोटिशीचा मसुदा लिहून दिला आणि अर्जदाराबरोबर त्या केंद्राची पायरी चढली, तर या कायद्याची अक्षरे जिवंत होतील.

या मदतीला एक अट मात्र असावी. पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळावेत हा हक्क सांगणाऱ्या मालकाने स्वतःच्या कामगाराचे वेतन सात दिवसांत द्यावे, हजेरीपट खरा ठेवावा आणि किमान वेतन चुकवू नये. वरून होणारा अन्याय खाली ढकलण्याची सवय लहान मालकांतही आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. थकलेल्या बिलाचा शेवटचा भार नेहमी कामगाराच्या चुलीवरच पडतो. त्या चुलीपर्यंत जो न्याय पोहोचणार नाही, त्यासाठी समाजवाद्यांनी झिजण्याचे प्रयोजन नाही.