घोडी येडी नाही, तार येडी आहे



परवा आमच्या पागेत महिन्यावारी सांभाळायला ठेवलेल्या एका घोडीचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली तारेत फाटला. डॉक्टर आले, टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. संध्याकाळी मालक शहरातून आले, पाय बघितला आणि म्हणाले, "ही जरा येडीच आहे." शेजारचे तात्या बांधावरून म्हणाले, "तार काय आजची आहे का? दहा वर्षं आहे तिथं." आणि मी काय म्हणालो तेही लिहितो, नाहीतर दुसऱ्यांवर ढकलल्यासारखं होईल. मी म्हणालो, "तार आपली नाही, तात्यांची आहे."

तिघांनी हात झटकले. टाके घोडीला पडले.

आता स्पष्टच बोलतो. काटेरी तार घोड्यासाठी बनलेलीच नाही. 1874 साली अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं तिचं पेटंट घेतलं ते गुरं आवरायला. गाय-बैलाची कातडी जाड, काटा टोचला की जनावर मागं सरतं. घोड्याचं तसं नाही. ते आधी पळतं, मग विचार करतं. पाय अडकला की थांबत नाही, ओढतं. ओढलं की तार आणखी आत जाते. याला येडेपणा म्हणायचं का? पळून जीव वाचवणाऱ्या जनावराचा हा स्वभाव आहे. आपण त्याला चार हजार वर्षांहून जास्त काळ पाळतोय, एवढं तरी माहीत पाहिजे.

त्यात त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. कपाळाच्या अगदी समोरचं त्याला नीट दिसत नाही. भरधाव येणाऱ्या घोड्याला गंजलेली बारीक तार दिसणार कुठून? आणि गुडघ्याखाली मांस नसतं हो. कातडी, शिरा आणि हाड. तिथली जखम लवकर भरत नाही, वर लाल मांस वाढत राहतं आणि मालक महिनोन्‌महिने ड्रेसिंग करत बसतो. शीर तुटली तर घोडं कामातून गेलंच समजा. धनुर्वाताला तर घोड्याइतकं नाजूक जनावर दुसरं नाही. लस आधी टोचलेली पाहिजे, जखम झाल्यावर धावपळ करून नाही.

आमच्याकडं काय झालं होतं ते ऐका. जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगते, पोल वाकतात. पोल वाकला की खालच्या दोन तारा सैल होऊन गवतात लोळतात. वरून बघितलं तर कुंपण उभं दिसतं! मी रोज मोटारसायकलवरून बघायचो, चालत नव्हतो. पलीकडं तात्यांचा लसूणघास हिरवागार. घोडी मान घालून तार रेटत होती, तेवढ्यात मागून दुसरी घोडी अंगावर आली. झालं.

आणि हे फक्त हौशी घोडेवाल्यांचं दुखणं नाही. खरीप निघालं की आपण धनगरांना मेंढरं बसवायला बोलावतो. लेंडी आपल्याला पाहिजे. त्यांची बिऱ्हाड वाहणारी घोडी पुढचे पाय बांधून बांधाच्या कडेला चरतात, आणि त्याच बांधात आपण तुटक्या तारेची भेंडोळी टाकून दिलेली असतात. खत घेताना त्यांचं जनावर आपलं, कापलं की त्यांचं. बरोबर आहे का हे?

काही शहाणे सांगतात, "तारेत लाईटचा करंट सोडा, जवळ येणार नाही." दादा, हात जोडतो. घरगुती लाईन तारेला लावणं गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत. झटका मशीन वेगळं. त्यात करंट सेकंदाला साधारण एकदा, क्षणभरच येतो, जनावर दचकून मागं होतं. पण ते मशीनसुद्धा काटेरी तारेला जोडायचं नाही. अडकलेलं जनावर सुटतही नाही आणि झटके खात राहतं.

मी आता तात्यांच्या तारेला हात लावलेला नाही. तिच्यापासून दहा फूट आत दुसरी ओळ टाकतोय. रुंद पांढरी पट्टी, घोड्याला लांबून दिसणारी, वरची साडेचार फुटांवर, तिला झटका मशीन. कोपरे गोल ठेवतोय, टोकदार कोपऱ्यात दबलेलं घोडं कोंडून मार खातं. दहा फूट जमीन वाया जाते म्हणून घरात बोलणी खाल्ली. त्या पट्ट्यात कडब्याची ज्वारी करीन, बघू. गवत पट्टीला टेकलं की झटका मरतो म्हणून कापत राहायचं, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या रॉडला पाणी घालायचं, कोरड्या मातीत मशीन नुसतं टकटक करतं. "जिवंत कुंपण करा" म्हणून कुणी कण्हेर लावायला सांगितली तर ऐकू नका. कण्हेरीची थोडी पानंसुद्धा घोड्याला मारतात.

नवीन घोडं आलं की आधी दिवसा, दोरीला धरून, पूर्ण कुंपणाच्या कडेनं फिरवायचं. मोरकी घालून मोकळं सोडायचं नाही, ती पोलला अडकते. रात्री पागेत.

खर्चाचं म्हणाल तर मालकांना सांगितलंय, महिना वाढणार. एक जण म्हणाले, "कुंपण तुमचं, आम्ही का द्यायचं?" त्यांना म्हटलं, पटत नसेल तर घोडा घेऊन जा साहेब, पण जिथं ठेवाल तिथं आधी कुंपणाच्या कडेनं चालत या. पागेच्या फरशा आणि गेटवरची पाटी बघून येऊ नका. ते अजून बोलत नाहीत. चालेल.

घोडी टेकून उभी राहतेय, आज ड्रेसिंगचा सहावा दिवस. डॉक्टर म्हणतात शीर वाचली. पूर्वेच्या बाजूचे अकरा पोल राहिलेत, ते झाल्याशिवाय एकही घोडं बाहेर सोडणार नाही. तात्या काल स्वतः पक्कड घेऊन आले, खालच्या दोन तारा काढायला. चहा घेतला, घोडीविषयी बोलले नाहीत.