समुद्रतळाखालचा बर्फ : ‘आहे’ आणि ‘किती आहे’



यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत नववीच्या एका विद्यार्थ्याने समुद्राखालच्या ‘जळणाऱ्या बर्फावर’ उत्तम भाषण केले. ‘देशाला शंभर वर्षे पुरेल एवढा वायू तिथे आहे’ या वाक्याला टाळ्या पडल्या. आम्ही मात्र तिथेच अडलो. हे मोजले कोणी, आणि कशाने?

गॅस हायड्रेट म्हणजे थंडी व प्रचंड दाबामुळे बर्फाच्या जाळीत अडकलेला मिथेन. एक घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६० घनमीटर वायू सुटतो. त्याचा माग काढायला जहाजावरून ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनी टिपतात. थराखाली मोकळा वायू साठला असेल तर थराचा तळ यात ठळक दिसतो; पण वर हायड्रेट दाट आहे की नावापुरते, ते नीट कळत नाही. २००६ मध्ये भारताच्या मोहिमेत ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ जहाजाने केरळ-कोकण किनाऱ्यापुढे छिद्र घेतले. हायड्रेट मिळाले नाही. त्याच मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र सुमारे १३० मीटर जाडीचा थर लागला.

म्हणून विजेची परीक्षा हवी. खारे पाणी वीज सहज वाहून नेते, हायड्रेट ती अडवते. जहाजाने तळालगत ओढलेल्या तारेतून प्रवाह सोडायचा आणि तळावर ठेवलेल्या यंत्रांपर्यंत किती परिणाम पोहोचतो ते मोजायचे. अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेने २००४ मध्ये ओरेगॉन किनाऱ्यापुढील हायड्रेट रिजवर अशी २५ यंत्रे ठेवून हे करून पाहिले. मोकळा वायूही वीज अडवतो, त्यामुळे एकटी वीजही पुरेशी नाही. आमचे मत असे की, खोल समुद्रात महागडे छिद्र घेण्याआधी ध्वनी आणि वीज, दोघांचीही साक्ष घ्यावी, आणि तोवर शंभर वर्षांच्या गोष्टी जपून कराव्यात.

आपल्या माळव्यात समुद्र नाही, पण प्रयोगशाळा आहे. ट्रेमध्ये मिठाच्या पाण्याने भिजवलेली वाळू, तीत पुरलेली मेणाची वडी, आणि वरून मल्टिमीटरने रोध मोजून वडी शोधायची. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, तोंडी ‘प्रतिरोध’च येतो, मुले दुरुस्त करतात.) मल्टिमीटर चारच आहेत, त्यांतला एक बंद. विश्वस्तांनी आणखी सहा मंजूर करावेत, ही विनंती. त्या विद्यार्थ्याला केरळ-कोकणचे छिद्र घालून भाषण पुन्हा लिहायला सांगितले आहे.